सलीम अली आणि सुगरणीचे घरटे

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे गिरगावातील खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. तेव्हा त्यांनी भाच्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्षी तर ओळखलाच. शिवाय संस्थेच्या संग्रहातील कितीतरी पक्षी त्या मुलास दाखविले. तेथूनच सलीम अलींच्या पक्षिप्रेमाला शास्त्रीय वळण लागले.

पुढील वाट मात्र सुकर नव्हती. महाविद्यालयीन शिक्षणात खंड पडला, ब्रह्मदेशातील व्यापारात यश आले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शकाची जागा मिळाली. त्यानंतर बर्लिनला जाऊन प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे धडे घेतले. परंतु १९३० मध्ये ते परतले, तो पैशाच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली! नोकरी नाही, अशा स्थितीत ते अलिबागजवळील किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हताश होऊन बसण्याऐवजी त्यांनी त्या पक्ष्यांचे निरीक्षण आरंभिले.

आपण या पक्ष्यास स्त्रीलिंगी नाव दिले. परंतु घरटे विणतो तो नर. सलीम अलींना असे दिसले, की घरटे अर्धे होताच माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीने ते पसंत केले, तर नर त्यास लांब नळीचे प्रवेशद्वार जोडून काम पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणू लागतो. अंडी उबविण्याचे काम मादी एकटीच करते. हे निरीक्षण १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सलीम अलींचे नाव झाले.

एवढी अवघड कला या पक्ष्यास एकाएकी कशी साधली? उत्क्रांतिशास्त्र सांगते, की ती एकाएकी साधलेली नाही. साधी चिमणी बिळात वा ढोलीत काड्या भरून भागविते. सुगरणीची बहीण शोभणाऱ्या रेषाळ सुगरणीच्या घरट्यास नळी असते, पण आखूड. यांपैकी एकीपासून दुसरी झाली असे नव्हे. परंतु साध्या घरट्याचाही पक्ष्यास उपयोग होतो, हे यावरून कळते. ज्या घरट्यात पिले अधिक सुरक्षित, त्या घराण्याचा वंश वाढतो. लहानसहान सुधारणा अशा पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. डार्विनने यालाच नैसर्गिक निवड म्हटले. नराची पारख करणारी मादीही या निवडीत भागीदार असते.

१९४१ मध्ये सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याने असंख्य वाचकांना पक्ष्यांची ओळख करून दिली. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. हातची नोकरी गेली, त्याच वर्षी त्यांनी आपले कीर्तिदायक संशोधन केले. आणि त्यासाठी लागले ते केवळ दोन सावध डोळे, एक वही व अपार धीर.