शाळा संपली, पुढे काय? पंडिता रमाबाईंच्या कार्याची एक बाजू

मे महिन्यात बारावीचे निकाल लागतात. मंडळीत पेढे वाटले जातात, पाळकसाहेब मुलांसाठी प्रार्थना करतात, आणि जूनमध्ये तीच मुले घरी बसलेली दिसतात. बालाघाटकडे तर ही गोष्ट विशेष जाणवते. जिल्हा भाताचा, भरवेलीला मँगनीज, मलाजखंडला तांबे, पण खाणीत सर्वांना काम मिळत नाही. पुढे शिकायचे तर गोंदिया, नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागते. वसतिगृहाचा खर्च ऐकून बाप गप्प बसतो, आणि मुलीचा विषय निघाला की आईसुद्धा गप्प बसते. अशा वेळी आम्हांला पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांच्या प्रार्थनामय जीवनाविषयी आणि १९०५ सालच्या मुक्तीतील जागृतीविषयी आपल्या शब्बाथ शाळांतून पुष्कळ सांगितले जाते. परंतु शिकून तयार झालेल्या मुलीने पुढे कशावर जगावे, या प्रश्नासाठी बाईंनी जेवढा विचार केला तेवढा त्या काळी फार थोड्यांनी केला असेल. ती बाजू येथे सांगावी असे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने रमेला शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत देशभर तीर्थे हिंडत असे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. ज्या घरात विद्या भरपूर होती त्याच घरात अन्न नव्हते. आईवडील व थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई तेवढी उरली व पायी चालत उत्तरेकडे निघाली. या दोघांना मजुरी करण्याची सवय नव्हती, कोणताही धंदा हाती नव्हता. विद्येला कामाची जोड नसली तर माणसाची काय गत होते हे रमाबाईंनी कोवळ्या वयात अंगावर सोसले. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

१८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी तेही पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि सरकारी शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचे मागणे नेमके होते: मुलींच्या शाळांना शिकविण्याचे शिक्षण घेतलेल्या शिक्षिका हव्यात, त्यांना पुरेसा पगार हवा, तपासनीसही स्त्रियाच हव्यात, आणि बायकांच्या औषधोपचारासाठी स्त्री डॉक्टर हव्यात. चोवीस वर्षांच्या त्या विधवेने मुलींना शिकवा एवढेच सांगून थांबायचे नाही, हे ठरवूनच ठेवले होते. शिकलेल्या स्त्रीला कोणते काम देता येईल, हेही तिने त्याच बैठकीत सांगून टाकले.

स्वतः डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या या हेतूने. पण त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्यामुळे तो मार्ग बंद झाला. ज्या मुलामुलींना हव्या त्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळत नाही त्यांना हा प्रसंग जरूर सांगावा. बाई खचल्या नाहीत. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकत आणि तेथेच संस्कृत शिकवीत. शिकता शिकता कमावण्याचा हा धडा त्यांनी आधी स्वतः गिरविला.

१८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. लहान मुलांना खेळातून शिकविण्याची फ्रोबेलची पद्धत त्यांनी रीतसर अभ्यासली. त्या देशातील बायका कोणकोणती कामे करतात, काय शिकतात, हे बारकाईने पाहिले आणि मराठीत प्रवासवृत्त लिहून आपल्या भगिनींना कळविले. १८८७ साली त्यांचे हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आरंभी मुली दोनच. सदनात आलेली पहिली विधवा गोदूबाई जोशी, आठव्या वर्षी विधवा झालेली कोकणातील मुलगी. तिचा भाऊ नरहरपंत हा धोंडो केशव कर्वे यांचा मित्र. ही गोदूबाई शिकली, सदनात वाढली आणि ११ मार्च १८९३ रोजी तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. तीच आनंदीबाई कर्वे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, त्या सर्व कष्टांत या बाईंचा वाटा होता. दोन मुलींच्या वर्गातून काय निघू शकते ते पाहावे. आपल्या शब्बाथ शाळेच्या वर्गात चारच मुले आली म्हणून शिक्षकांनी हिरमुसू नये.

१८९० साली सदन पुण्यास आले. तेथे मुली बाईंच्या प्रार्थनेस आपण होऊन बसू लागल्या, त्यावरून वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला, सल्लागार मंडळातील थोर मंडळींनी राजीनामे दिले आणि १८९३ साली अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. या वादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा आम्ही त्यात शिरत नाही. एवढे मात्र लक्षात घ्यावे की, या धामधुमीतच बाईंनी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे जमीन घेतली आणि तीत फळझाडे लाविली. परक्या देशातील देणग्या एक दिवस थांबतील, तेव्हा संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे, ही दूरदृष्टी त्यात होती.

१८९६ साली पाऊस मध्येच थांबला आणि मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. बालाघाट त्या वेळी त्याच प्रांतात होते आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताचे पीक गेले. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले आईबाप आठवले. पैसा नव्हता. बॉस्टनची मदत सदनातील विधवांसाठी बांधलेली होती. तरी त्या मध्यप्रांतात गेल्या, उपासमारीने हाडे निघालेल्या मुली व तरुण विधवा गोळा केल्या आणि तुकड्यातुकड्यांनी पुण्याकडे धाडल्या. सुमारे तीनशे जणी झाल्या. आपल्या या भागातील लेकींचे रमाबाईंवर आणि रमाबाईंचे आपल्यावर ऋण आहे ते असे. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे या मुलींना केडगावच्या मोकळ्या रानात उतरावे लागले. तेच पुढे मुक्ती झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्यावर तेथील संख्या दीड हजारांवर गेली.

आता एवढ्या मुलींचे पुढे काय करायचे? शारदा सदनाच्या मुली निवडक होत्या. या मुलींपैकी बहुतेकींनी पाटी पाहिलेली नव्हती. बाईंनी सर्वांना एकाच साच्यात घातले नाही. जिची बुद्धी पुस्तकात चाले तिला वरच्या इयत्तेपर्यंत नेऊन शिक्षिका केले. बाकीच्या मुलींसाठी माग, शिवण, दुधाचा गोठा, तेलाचा घाणा, धोबीकाम, बाग आणि शेती होती. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमय सदन निघाले. मनोरमेने ब्रेल शिकून घेतली व त्या मुली वाचू लागल्या. अभ्यास आणि काम दोन्ही दिवसाच्या वेळापत्रकात असत, म्हणजे वाचणारी मुलगी हातकामाला कमी लेखीत नसे. ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या घरांतून अजूनही आयटीआयला जाणाऱ्या मुलाचे नाव जरा हळू आवाजात घेतले जाते.

कित्येक मुलींची ख्रिस्ती तरुणांशी लग्ने झाली. त्या काळी ती देखील संसार मार्गी लागण्याची रीत होती. हजारो मुली एका आईने सांभाळायच्या, तेव्हा प्रत्येकीकडे पाहिजे तेवढे लक्ष पुरविणे अवघड होते, हेही खरे. तरी घरी परतणारी मुलगी रिकाम्या हाताने जात नव्हती.

मुक्तीचा छापखाना हा या शिक्षणाचा सर्वांत सुंदर नमुना. पवित्र शास्त्र साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणावे म्हणून रमाबाई उतारवयात ग्रीक व हिब्रू शिकल्या. भाषांतर त्या करीत आणि खिळे जुळविण्यापासूनचे छापखान्यातील काम मुक्तीतील स्त्रिया करीत. दुष्काळात अक्षरओळख नसलेल्या मुलींच्या संस्थेत शास्त्र अक्षर अक्षर जुळविले जात होते.

मनोरमा इंग्लंड व अमेरिकेत शिकली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली आणि आईच्या कामात परत आली. १९१३ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यात तिचा पुढाकार होता. मुक्तीची जबाबदारी तीच घेणार असे सर्वांना वाटत होते, पण २४ जुलै १९२१ रोजी ती वारली. रमाबाईंनी शास्त्राच्या छपाईचे काम हातचे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.