सेवाग्रामच्या गारव्यामागचे हात : मीराबेन

वर्ध्याचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना विदर्भातील उन्हाळ्याचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही. पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी रस्ते ओस पडतात, वारा भट्टीतून आल्यासारखा अंगावर येतो. अशा दुपारी सेवाग्रामच्या आश्रमात शिरलेला पाहुणा बापू कुटीच्या बुटक्या दारातून वाकून आत जातो आणि क्षणभर थबकतो. पंखा नाही, यंत्र नाही, तरीही आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुसह्य असते. पाहुण्याला तेथे गांधीजींची बैठक, चरखा आणि कंदील दाखवले जातात. ही कुटी मुळात गांधीजींसाठी बांधलेलीच नव्हती, ती एका इंग्रज दर्यासारंगाच्या मुलीने स्वतःच्या वास्तव्यासाठी उभारली होती, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या कानावर पडत नाही.

मॅडलिन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते. पूर्वेकडील आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा किशोरवयीन मॅडलिन आईवडिलांबरोबर मुंबईत येऊन राहिली. साहेबी मुंबईच्या मेजवान्या आणि नाच-गाणी यांत तिचे मन रमले नाही. मुलीला वेड होते ते घोड्यांचे, झाडापेडांचे आणि बीथोव्हनच्या संगीताचे. या संगीताच्या ओढीनेच ती पुढे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचली. रोलाँ यांनी गांधीजींवर नुकतेच एक छोटे पुस्तक लिहिले होते. ते तिने वाचले आणि आयुष्याची दिशा ठरली. तिने लगेच बोटीचे तिकीट काढले, पण नंतर विचार करून एक वर्ष थांबण्याचे ठरवले. त्या वर्षात ती मांसाहार सोडून शाकाहारी झाली, जमिनीवर झोपायला आणि मांडी घालून बसायला शिकली, सूत कातू लागली. नोव्हेंबर १९२५ मध्ये मुंबई बंदरावर उतरून दुसऱ्या दिवशी ती साबरमतीला हजर झाली. गांधीजींनी तिला मीरा हे नाव दिले. तेव्हा वयाची तेहतीस वर्षे पुरी होत आली होती.

पहिली काही वर्षे आश्रमाची शिस्त, संडाससफाई, पिंजण-कताई आणि हिंदुस्थानी भाषेचे धडे यांत गेली. केस कापून पांढरी खादी अंगावर घेतलेली ही उंच इंग्रज बाई १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजींबरोबर लंडनला गेली, तेव्हा तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिच्यावर कुतूहलाचा आणि टवाळीचा भडिमार केला. पाठोपाठ तुरुंगवास आले. हा सारा इतिहास नोंदलेला आहे. त्यांच्या आयुष्यातील कमी सांगितला जाणारा भाग सुरू होतो तो वर्ध्यात.

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही, असा निश्चय करून गांधीजी १९३० साली दांडीकडे निघाले होते. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून त्यांनी वर्धा हे केंद्र केले. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. मीराबेन जवळच्या सिंदी या वस्तीत सफाईच्या कामाला जाऊ लागल्या. परंतु शहरालगत राहून खेड्याची सेवा होत नाही, खेड्यातच राहायला हवे, असे गांधीजींचे मत बनत होते. मग मीराबेनच पुढे गेल्या आणि वर्ध्यापासून काही मैलांवरच्या सेगाव या खेड्यात राहू लागल्या. बहुतांश वस्ती दलितांची, रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, घरोघर हिवताप. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गांधीजी तेथे प्रथम मुक्कामाला आले. त्यानंतर प्रकृतीसाठी नंदी दुर्गला जाऊन ते परतले ते जूनच्या मुसळधार पावसात, आणि तोवर आदी निवास हे पहिले घर उभे राहिले होते. सेगाव आणि बुलढाण्याचे शेगाव यांत टपालाचा घोळ होऊ लागल्याने १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले, हे जाता जाता सांगायला हवे.

घर बांधताना गांधीजींचे धोरण साधे होते. खर्च कमीत कमी, साहित्य जवळपास मिळणारे आणि हात गावातल्या माणसांचे. मीराबेनने हे धोरण गावकऱ्यांची घरे डोळसपणे पाहून अमलात आणले. वैदर्भीय शेतकऱ्याला जे शतकानुशतके ठाऊक होते, तेच त्यांनी उचलले. मातीच्या जाड भिंती, बांबू आणि लाकडाचा सांगाडा, वर कौले, भोवती पडवी, खाली शेणाने सारवलेली जमीन. भिंतीवरच्या ओल्या मातीत त्यांनी स्वतःच्या हाताने ताडाची झाडे, चरखा आणि ओम उठवले. ते आजही दिसतात.

या घराचा गारवा हा चमत्कार नाही, तो हिशेब आहे. मातीची जाड भिंत ऊन चटकन आत सोडत नाही. दिवसभर शोषलेली उष्णता आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटते, आणि तोवर बाहेरची हवा निवू लागलेली असते. विदर्भात दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक पडतो. रात्री दारे-झरोके उघडे ठेवले की भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा तयार होतात. मात्र सकाळी ऊन चढण्यापूर्वी तीच दारे बंद करण्याची दक्षता घ्यावी लागते, नाहीतर सारी कमाई वाया जाते. पडवी आणि खाली उतरलेली वळचण यांचे काम त्याहून महत्त्वाचे, कारण ऊन भिंतीवर पडूच न देणे हा पहिला उपाय. भिंतीपर्यंत आलेली उष्णता परतवणे नेहमीच कठीण असते. छपरात कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. काचा नाहीत, त्यामुळे ऊन आत घेऊन कोंडून ठेवणारे काही नाही. जोडीला कोरड्या हवेचा फायदा. वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी शिंपडले की त्यातून येणारा वारा खरोखर थंड होतो, कारण पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने, आणि गांधीजी उन्हाळ्यात डोक्यावर ओले फडके ठेवत, त्यामागेही हेच होते.

तरीही सेवाग्रामचे चित्र फार रम्य करून रंगवू नये. मातीच्या घराला दरवर्षी लिंपावे लागते, पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात, उंदीर, वाळवी आणि सापविंचू यांचा सहवास असतो. उन्हाळ्यात आश्रमातील माणसे हैराण होत, पावसाळ्यात तापाने फणफणत. मीराबेनना स्वतः विषमज्वराने गाठले. इंग्लंडच्या थंड हवेत वाढलेल्या या शरीराने विदर्भाचा उन्हाळा किती कष्टाने सोसला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. घर गार ठेवण्यामागे दररोजची मेहनत असते आणि ती बहुधा बाईच्या वाट्याला येते, हे सत्य बापू कुटीच्या भिंतींनाही लागू आहे.

ही कुटी जशीच्या तशी उचलून पनवेलला आणली तर काय होईल, हा प्रश्न शहरी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर थोडे निराशेचे आहे. खाडीकाठच्या पनवेलचा पारा सहसा पस्तिशीच्या आसपास राहतो, पण हवा दमट. रात्रही फारशी निवत नाही. म्हणजे जाड भिंतीला निवायला अवसर मिळत नाही आणि वाळ्याचा पडदा भिजवला तर दमटपणात भरच पडते. म्हणूनच कोकणच्या माणसाने निराळे घर बांधले. कारवीच्या कुडाच्या किंवा चिऱ्याच्या भिंती, लाकडी गजांच्या समोरासमोर खिडक्या, पुढे ओटी, मागे पडवी, उंच उतरते छप्पर आणि भोवताली नारळी-पोफळीची सावली. सगळा भर वाऱ्याच्या येण्याजाण्यावर. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली, पण घराचा आराखडा तोच राहिला. जुन्या पनवेलमधील वाडे याच रीतीचे होते. सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० नंतर, भोवताली सिमेंटच्या इमारती उठल्या. त्यांची गच्ची दिवसभर तापते आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला रात्रभर भाजते. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची चटई किंवा वेल, आणि समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या, एवढे केले तरी फरक पडतो. वेल खिडकीबाहेर हवा हे विशेष, कारण आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचले म्हणजे ते घरात आलेच.

दमट उष्म्याला कमी लेखण्याची चूक किती महाग पडते, हे पनवेल तालुक्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीपर्यंतही चढला नव्हता. घाम वाळत नसेल तर शरीराला स्वतःला गार करण्याचा मार्गच उरत नाही. सावली ही चैन नव्हे, हे सेगावच्या पडवीत बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नसे.

आदी निवासात माणसांची गर्दी वाढत गेली. गांधीजींना शांतपणे काम करण्यासाठी जागा हवी होती. मीराबेनची कुटी त्यांच्या वापरात आली, ती वाढवली गेली आणि बापू कुटी झाली. मीराबेन जवळच्या वरोडा गावात राहायला गेल्या होत्या, आजारपणामुळे त्या पुन्हा परतल्या. या साऱ्यामागे एक वेदना होती. गांधीजींच्या सान्निध्याची मीराबेनना तीव्र ओढ होती. गांधीजी त्यांना वारंवार दूर राहून काम करण्यास सांगत. आपण बांधलेल्या घरात ज्यांच्यासाठी सारे सोडले ते राहतात आणि आपण मात्र अंतरावर, ही अवस्था त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. भक्तीचा हा प्रकार आजच्या वाचकाला कोड्यात टाकतो. गांधीजींचाही जीव त्यात कधी कधी गुदमरत असावा, असे त्यांच्या वागण्यावरून वाटते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत धरपकड झाली. गांधीजी आणि मीराबेन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले. घराच्या दृष्टीने पाहिले तर ही वास्तू सेगावच्या अगदी उलट. कमानींच्या रुंद ओसऱ्या, उंच छत, ऐसपैस बाग. मुठा-मुळेच्या हवेतील त्या महालात उन्हाळा सोसणे कठीण नव्हते. पण आठवडाभरातच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही तेथेच डोळे मिटले. त्या वर्षीच्या मे महिन्यात सर्वांची सुटका झाली.

सुटकेनंतर मीराबेन उत्तरेकडे वळल्या. रुडकी-हरिद्वारच्या मध्ये किसान आश्रम, मग ऋषिकेशजवळ पशुलोक. ३० जानेवारी १९४८ ची बातमी त्यांना तेथेच कळली. अंत्यदर्शनासाठी त्या दिल्लीला गेल्या नाहीत, जागेवरच राहिल्या. पुढे टिहरीकडील भिलंगणा खोऱ्यात गोपाल आश्रम काढला. तेथे त्यांच्या नजरेला एक गोष्ट आली. ओलावा धरून ठेवणारी बांजची झाडे मागे हटत होती आणि त्या उतारांवर चीड पसरत होते. बांजाखालची जमीन पालापाचोळ्याने मऊ, ओलसर आणि गार राहते, झरे जिवंत राहतात. चीडाखाली कोरड्या सुयांचा थर साचतो, पाणी वाहून जाते आणि वणवा लागतो. हे त्यांनी लिहून सरकारपुढे मांडले. चिपको आंदोलन त्यानंतर वीस वर्षांनी झाले. एका कुटीच्या सावलीपासून सुरू झालेले निरीक्षण अख्ख्या डोंगराच्या सावलीपर्यंत गेले होते, पण तेव्हाच्या नव्या भारताला धरणांची आणि कारखान्यांची घाई होती.

सेवाग्रामच्या कुटीचे मोल इतरांनी ओळखले. वास्तुकार लॉरी बेकर यांची मुंबईत गांधीजींशी भेट झाली होती, आणि घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे हा विचार त्यांनी पुढे केरळमध्ये आयुष्यभर राबवला. आधुनिक संस्थांचे कठोर टीकाकार इव्हान इलिच यांनी १९७८ साली सेवाग्रामला येऊन याच कुटीत बसून घराविषयी विचार केला आणि त्यावर भाषण दिले. गांधीजी मात्र ऑगस्ट १९४६ मध्ये येथून दिल्लीला निघाले ते परतलेच नाहीत. म्हणजे ही कुटी त्यांच्या वाट्याला दहा वर्षेही पुरती आली नाही.

मीराबेनने १९५९ मध्ये भारत सोडला. भारताविषयी राग नव्हता, थकवा होता, आणि तरुणपणी मागे राहिलेला बीथोव्हन पुन्हा साद घालत होता. काही काळ इंग्लंडमध्ये काढून त्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या ज्या वनराईत बीथोव्हन फिरत असे, त्या परिसरात स्थिरावल्या. आत्मचरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. अखेरच्या काळात भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी, नव्वदीला काही महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा गांधी हा चित्रपट त्याच वर्षाच्या अखेरीस पडद्यावर आला. त्यात जेराल्डिन जेम्स यांनी मीराबेनची भूमिका केली होती.