आकाशाला प्रमाण मानणारे केरूनाना

सृष्टीचा अभ्यास करता करता ज्ञानाच्या मूळ प्रश्नांपाशी येऊन ठेपणारे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात जर्मनीत झाले; हेल्महोल्ट्झ हे त्यांतील अग्रणी. खरे कशाला मानावे, ग्रंथाला की अनुभवाला, हा प्रश्न त्याच काळी महाराष्ट्रातही उभा राहिला. परंतु तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानातून नव्हे, घरोघरच्या पंचांगातून. तो उपस्थित करणारे गणिताचे अध्यापक म्हणजे केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे.

अलिबागनजीकच्या नागावात शतकाच्या पहिल्या चतुर्थकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. मुंबईत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली त्यांनी गणित व ज्योतिष आत्मसात केले आणि कुलाबा वेधशाळेत चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणांचे काम पत्करले. पुढे पुण्यात ते गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होते. मुलांसाठी त्यांनी मराठीत अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर पुस्तकेही लिहिली.

वेधशाळेत जडलेली सवय त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या वेळची पंचांगे ‘ग्रहलाघवा’वरून होत. हा ग्रंथ १५२० च्या सुमारास याच किनाऱ्यावरील मुरूडजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञांनी रचला. प्रत्येक ग्रहासाठी, ज्या जुन्या ग्रंथाचे गणित प्रत्यक्षाशी जुळेल ते त्यांनी स्वीकारले होते. पण तीन शतकांत त्या गणितातही अंतर पडले. गणेश दैवज्ञांची आकडेमोड अनुयायांनी जपली. त्यांची दृष्टी मात्र हरवली.

१८६० साली केरूनानांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून युरोपातील अद्ययावत गणित मराठीत आणले. आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने १८६५ पासून त्यावर आधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला. हा आरंभ आज रूढ असलेल्या गणनेपेक्षा सुमारे चार अंशांनी निराळा आहे. त्यामुळे काही वर्षी अधिक मास वेगळा येई, सणवार महिन्याने सरकत. जुन्या परंपरेच्या अभिमान्यांना हे रुचले नाही. सायनवाद्यांना ही सुधारणा अर्धीमुर्धी वाटली. ऋतूंशी मेळ घालायचा तर नक्षत्राचा आधार सोडलाच पाहिजे, असा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. परंतु पंचांगाचे गणित आकाशाशी ताडून पाहिलेच पाहिजे, हा केरूनानांचा मूळ आग्रह या वादातही अबाधित राहिला. १८८४ मध्ये ते निवर्तले तेव्हा समाजाने त्यांचे पंचांग सरसकट स्वीकारलेले नव्हते.

तरीही बीज वाया गेले नाही. लोकमान्यांनी रेवतीपक्ष पुढे चालविला. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीनुसार १९५७ मध्ये देशाने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ पासून अलिबागेत होऊ लागली. तरुणपणी केरूनानांनी ज्या कामात हात घातला, ते असे त्यांच्याच तालुक्यात येऊन स्थिरावले.

ग्रंथाविषयी आदर आणि प्रत्यक्षाशी इमान यांत विरोध नाही, हे नांदगावच्या दैवज्ञांनी आणि नागावच्या छत्र्यांनी आपापल्या काळी दाखवून दिले. आजही पाठ्यपुस्तकातील उत्तर पाठ होते. ते पडताळून पाहण्याची सवय मात्र क्वचितच लागते. केरूनानांचे खरे स्मारक व्हायचे असेल, तर ते या सवयीतूनच होईल.