तंजावरचे सरफोजी महाराज

पोशेऱ्यासारख्या डोंगरी गावातील मुलास भिंतीवरील नकाशा प्रथम दाखविला म्हणजे ते त्यात आधी आपले गाव शोधते, व न सापडल्यास हिरमुसते. अशा आमच्या बालवाचकांस आम्ही आज एका मराठी राजाची ओळख करून देत आहो. त्यास नकाशे पुष्कळ मिळाले, मुलूख मात्र राहिला नाही.

दुसरे सरफोजी राजे भोसले यांचा जन्म १७७७ साली झाला. तंजावरच्या तुळजाजी राजांनी १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्यांस दत्तक घेऊन त्यांचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे सोपविला. पुढे चुलते अमरसिंग गादीवर बसले व मुलास अंधारात, शिक्षणावाचून राहावे लागले. श्वार्ट्झ साहेबांनी खटपट करून १७९३ साली त्यांस मद्रासेस नेवविले. राजांनी स्वधर्म सोडला नाही, परंतु गुरूचे ऋणही विसरले नाहीत. गुरूच्या मृत्युशय्येचे, फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करविलेले संगमरवरी स्मारक तंजावरच्या ख्रिस्ती देवळात आहे.

१७९८ साली गादी मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी तह होऊन राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला व भोवतालची थोडी जमीन. मग त्यांनी विलायतेहून ग्रंथ, चित्रे व नकाशे आणविण्याचा सपाटा लाविला. त्या काळी नकाशा करणे सोपे नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर नद्या, डोंगर, नावे सर्व उलटे कोरावयाचे, खाचांत शाई भरावयाची, ओलसर कागद दाबून ठसा घ्यावयाचा, आणि सरहद्दी हाताने रंगवावयाच्या. रंग वाळतो न वाळतो तोच सरहद्द बदले! पोलंड १७९५ साली शेजाऱ्यांनी वाटून घेतले, व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ साली बुडाले. ज्याचे राज्य एका तहाने गेले, त्यास या रेषांचे मोल आमच्याहून अधिक कळत असावे, असे आम्हांस वाटते.

हे ज्ञान त्यांनी कपाटात कोंडले नाही. मुलांकरिता शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचून त्यात जगाचा भूगोल सांगितला; तोही कोणा पंडिताच्या नव्हे, तर डोंगरात फिरून भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडून. आमच्या डोंगरी वाचकांस याचे कौतुक वाटेल.

१८३२ साली महाराज वारले. १८५५ साली पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर संस्थानही खालसा झाले. सरस्वती महालातील तो संग्रह मात्र १९१८ पासून सर्वांस खुला आहे.