कोळी नव्हे, दलदल

रॉबर्ट ब्रूसचे नाव निघाले की शाळेत ऐकलेला चिकाटीचा कोळी आठवतो. ती दंतकथा होय. ब्रूसचे खरे गुरू दोन: पराभव आणि स्वदेशाची भूमी. १३०६ मध्ये तो स्कॉटलंडचा राजा झाला आणि त्याच वर्षी मेथव्हेन येथे पराभूत होऊन परागंदा झाला. त्याच्या तीन भावांना इंग्रजांनी देहदंड दिला. मोकळ्या मैदानात प्रबळ घोडदळाशी गाठ घालणे हा आत्मनाश, हे त्याला उमगले. १३०७ मध्ये लाउडन हिल येथे दलदल आणि खंदक यांच्या आधाराने त्याने शत्रूची वाट अरुंद केली. जून १३१४ मध्ये स्टर्लिंगनजीक बॅनकबर्न येथे दुसऱ्या एडवर्डची सुमारे दुप्पट सेना ओढे आणि पाणथळ यांच्या बेचक्यात मुक्कामास उतरली. २४ तारखेस उजाडताच ब्रूसचे भालाईत पुढे सरकले. इंग्रज घोडदळाला वळण्यासही जागा उरली नाही. पळताना कित्येक ओढ्यात बुडाले. १३२८ च्या तहाने स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मान्य झाले. १३२९ मध्ये ब्रूस निवर्तला.

दलदल दोन्ही सैन्यांना सारखीच होती. तिचा उपयोग एकालाच कळला. केवळ पुनःपुन्हा प्रयत्न करून भागत नाही; पराभवानंतर रीतही बदलावी लागते.