आतड्याची चिठ्ठी वाचणारा स्टार्लिंग

अर्नेस्ट स्टार्लिंग यांचे वडील बॅरिस्टर होते आणि मुंबईत सरकारी नोकरीला होते. कुटुंब मात्र लंडनला. तिथेच १८६६ साली अर्नेस्ट यांचा जन्म झाला. वडिलांची भेट क्वचितच होई. पुढे हा मुलगा डॉक्टर झाला, पण रमला प्रयोगशाळेत.

अन्न आतड्यात उतरताच स्वादुपिंडातून पाचकरस कसा सुटतो? मज्जातंतूंमुळे, असे रशियाचे पाव्हलव्ह सांगत, आणि पचनाच्या विषयात तेव्हा त्यांचा शब्द अखेरचा होता. जानेवारी १९०२ मध्ये स्टार्लिंग आणि त्यांचे मेहुणे विल्यम बेलिस यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले व त्यात आम्ल सोडले. रस तरीही आला. मग स्टार्लिंग यांनी आतड्याचे अस्तर खरवडून वाळू आणि आम्लासोबत घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस! आतडे रक्तातून निरोप पाठवते, हे सिद्ध झाले. पाव्हलव्ह यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत प्रयोग करवून घेतला आणि तो मान्य केला, हा मोठेपणाच. या निरोप्या रसायनांना १९०५ साली स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हे नाव रूढ केले.

याच कामात डागही आहे. एकच कुत्रा दोनदा वापरल्याचे त्यांना १९०३ मध्ये कोर्टात कबूल करावे लागले. कायद्याला ते मंजूर नव्हते.

आज मेहरूण तलावाला फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पांत ज्या वजनाच्या इंजेक्शनांचा विषय निघतो, ती याच वंशातली. जीएलपी-१ आणि जीआयपी ही आतड्याचीच संप्रेरके. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ च्या एकाच ग्राहीवर काम करते, टिर्झेपटाइड दोन्हींच्या. दोघांची समोरासमोर ७२ आठवडे चाचणी झाली, निकाल २०२५ मध्ये आला: एकात सरासरी सुमारे १४ टक्के वजन घटले, दुसऱ्यात २०. पण त्या लठ्ठ व्यक्तींना मधुमेह नव्हता. मधुमेहींचे वजन या औषधांनी तुलनेने कमी उतरते, आणि औषध थांबवले की बहुतेकांचे परत चढते. मळमळ, उलट्या दोन्हींत आहेत. ग्राही दोन म्हणून गुण दुप्पट, असा हिशेब मांडू नये.

स्टार्लिंग यांना नोबेल मिळाले नाही. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया १९२० मध्ये झाली, तरी काम सुटले नाही. मे १९२७ मध्ये बोटीच्या प्रवासात, जमैकातील किंग्स्टनजवळ, ते वारले. तिथेच त्यांचे दफन झाले.