नोंदींचे राखणदार : डॉ. नानाभाई मूस

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत टांगलेला चुंबक एकाएकी आपली जागा सोडून भलताच सरकला. सूर्यावरून उठलेले एक प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळले होते. निरीक्षकांनी चुंबकाचे आकडे वहीत उतरवून ठेवले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २९ ऑक्टोबरला, एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. त्या वह्यांचे सांभाळकर्ते पुढे तेच व्हायचे होते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. आपले केरूनाना छत्रे यांनीही तरुणपणी येथे काम केले होते. एडिंबरो येथे विज्ञानाचे शिक्षण घेतलेले मूस १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

काम दिसायला साधे होते. चुंबकाला आरसा जोडायचा, त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका फिरत्या छायाचित्र-कागदावर पाडायचा आणि उमटलेली रेषा वाचायची. मात्र रोजचा चढउतार मूळ बलाच्या जेमतेम सहस्रांशाएवढा. उष्णतेने चुंबक किंचित क्षीण झाला, तरी पृथ्वीच बदलल्याचा भास व्हायचा. म्हणून तापमानाची दुरुस्ती करणे आणि वेगळ्या उपकरणाने प्रत्यक्ष मोजमाप घेऊन रेषेचा पाया ठरावीक काळाने तपासणे, हे नित्यकर्मच होते. सिविल लाइंसमधील आपल्या शाळेतही होकायंत्राजवळ लोखंडी किल्ली नेली की सुई विचलित होते; तिथे तर शहर वेधशाळेच्या दारापर्यंत येऊन ठेपले होते.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आकार घेऊ लागली. ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र नाजूक नोंदींत मिसळते. असा गोंधळ मागाहून आकडेमोडीने पुरता वेगळा काढता येत नाही. मूस यांनी शहराशी वाद घालण्यापेक्षा उपकरणेच दूर नेण्याचा मार्ग धरला. खाडीपलीकडे, कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभी राहिली. पोरबंदरचा निवडक दगड, तांब्या-पितळेचे जोडकाम. लोखंडाला तिथे मज्जाव होता. मुख्य उपकरणे तापमान दिवसभरात फारसे हलू नये अशा बंदिस्त खोलीत बसवली.

पण त्यांची खरी दूरदृष्टी इमारतीत नव्हती. एप्रिल १९०४ पासून मार्च १९०६ पर्यंत, पूर्ण दोन वर्षे, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोहोंतील फरक पक्का कळला नसता, तर जुनी साठ वर्षे एकीकडे आणि नवी वर्षे दुसरीकडे, अशी ती मालिका कायमची दुभंगली असती. घाईच्या कारभारात असे दुहेरी श्रम पहिल्यांदा छाटले जातात. मूस यांनी ते छाटू दिले नाहीत. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागची रेषा स्वच्छ होती.

त्यानंतर त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदी एकत्र करून, त्यांचे विवेचन जोडून, १९१० मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केल्या. वरवर बेशिस्त भासणाऱ्या चुंबकीय वादळांची अनेक उदाहरणे, आरंभाची वेळ जुळवून, त्यांनी एकावर एक ठेवली आणि त्यांतून वादळाची एक ठरावीक चाल दिसून आली. जुन्या नोंदी बेभरवशाच्या असत्या, तर ही पद्धत निव्वळ आकड्यांचा खेळ ठरली असती.

मूस १९३६ मध्ये निवर्तले. अलिबागची वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या छत्राखाली अखंड काम करीत आहे. आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या त्या सौर वादळाची तीव्रता नव्याने तपासली, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो कुलाब्याच्याच नोंदींचा. तिथे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळले होते.